मागच्या खोलीतली ओ

१

तारमास्तरच्या घरात एक नियम होता. बाहेरून येणाऱ्यानं चपला काढायच्या आधी दारातूनच सगळ्यांना एकेक हाक मारायची, आणि ज्यानं त्यानं जिथं असेल तिथून ओ द्यायची. नियम सासूबाईंचा. त्यांचे गुडघे कुरकुरायचे, जिना चढणं जिवावर यायचं, आणि कोण कुठं आहे हे कळल्याशिवाय तर त्यांना घास गोड लागत नसे. मग खुर्चीत बसल्या बसल्या त्या ओ ऐकून अख्खं घर मोजून घ्यायच्या. दोन हाकांत ओ आली नाही तर मी स्वतः वर चढून येईन, आणि नंतर माझे पाय तुम्ही चेपायचे, अशी त्यांची धमकी होती. त्यामुळे आंघोळीला गेलेला माणूससुद्धा तोंडावरचा साबण निपटून आधी ओ देत असे.

तारमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कचेरीत त्याला तारांच्या गुंत्यात मान घालून बसलेला पाहून कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बायको त्यातलं नुसतं 'मास्तर' म्हणायची. सासूबाई जावईबापू म्हणायच्या, आणि ठमी, म्हणजे त्याची सात वर्षांची लेक, अर्थातच बाबा. तीन नावं, माणूस एक. तो म्हणायचा, माझ्या धंद्यात यात नवल काहीच नाही.

धंदा असा, की इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघायची. कुठल्या तरी गावचं एक यंत्र विचारतं, अमुक नाव कुठं राहतं हो? दुसरं यंत्र पत्ता सांगतं. पहिलं त्या पत्त्यावर जातं. एवढंच. सासूबाईंना त्यानं एकदा हे समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, म्हणजे दिवसभर लोकांना नावं ठेवायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, चांगलंय बाई. तो पोट धरधरून हसला होता. पुढे हा विनोद त्यानं कचेरीत इतक्यांदा सांगितला की तो सासूबाईंचा आहे हे विसरूनच गेला.

माणूस सुखी होता. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या सुखातूनच झालं. घर नवं घेतलं होतं, स्वतःचं. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर त्यांची झोपायची खोली, आणि जिना संपतो तिथून पुढं गेलं की मागची खोली. त्या खोलीत काहीच नव्हतं. भिंतीत एक खिळा होता आणि खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायची. हिचं काय करायचं ते बघू सावकाशीनं, असं सगळे म्हणत आणि दार ओढून घेत.

२

सुट्टीच्या दिवशी सकाळी तारमास्तर जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला. घरच्यांसाठी इंटरनेटवरचं एक नाव त्यानं एका कंपनीकडून फार पूर्वीच घेऊन ठेवलं होतं. त्याखाली बायकोच्या दवाखान्याच्या वेळा होत्या आणि ठमीची चित्रं होती. आता त्याला त्या नावाखाली 'घर' नावाचा एक वेगळा विभाग काढायचा होता. सबडोमेन म्हणतात त्याला. त्या विभागातली नावं बाहेरच्या कंपनीकडे ठेवायची नाहीत, आपल्याच घरातल्या एका छोट्या यंत्रावर ठेवायची: बैठकीतला दिवा, जिन्यावरची घंटा, स्वयंपाकघरातला रेडिओ, सगळ्यांना आपापलं नाव. यंत्र जुनंच घेतलं होतं, स्वस्तात. ते मागच्या खोलीत बसणार होतं. खोलीचाही प्रश्न सुटला.

काम दोन ओळींचं. कंपनीच्या पानावर लिहायचं, की 'घर'बद्दल कुणी काही विचारलं तर ते आम्हाला नका विचारू, अमक्या नेमसर्व्हरला, म्हणजे मागच्या खोलीतल्या त्या यंत्राला, विचारा. आणि दुसऱ्या ओळीत, त्या नेमसर्व्हरचा पत्ता हा. एकदा हे लिहिलं की वरच्याचा, म्हणजे कंपनीचा, त्या विभागातला अधिकार संपला. तिथं कोण आहे, कोण नाही, हे तो खालचा सांगेल तेच खरं. दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिल्यावर आत कोण बसलंय हे आपण रस्त्यावरून सांगायचं नसतं, तसं.

प्रत्येक उत्तराला एक मुदतही लिहायची असते. तेवढा वेळ विचारणारा ते उत्तर लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारायला येत नाही. 'असं कोणी नाही' हे उत्तरसुद्धा असंच मुदतीनिशी लक्षात राहतं. आता या धंद्यातला शहाणा माणूस नव्या कामाला मुदत थोडकी देतो, पाच-दहा मिनिटांची. चूक झालीच तर जग ती लवकर विसरतं. तारमास्तरनं कचेरीत नव्या लोकांना यावरून किती वेळा फैलावर घेतलं असेल. पण त्या सकाळी खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, बायको आत गुणगुणत होती, सासूबाई ठमीची वेणी घालता घालता तिचा ओरडा खात होत्या, आणि त्याला वाटलं, आता इथून कुठं जायचंय आपल्याला? त्यानं दोन्हीकडे आठवड्याची मुदत लिहून टाकली. 'आहे'लाही आणि 'नाही'लाही.

दुसरी चूक म्हणजे यंत्र अजून खोक्यातच होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ते खोकं होतं आणि ठमीनं त्यावर आपला कापडी हत्ती झोपवला होता. आधी यंत्र लावायचं, ते बोलतंय ना बघायचं, मगच जगाला त्याच्याकडे पाठवायचं, हा खरा क्रम. त्यानं आधी जगाला पाठवलं. लावतोच आहे की दुपारी, असं म्हणून.

त्याची एक सवय होती. कुठलंही नाव नोंदवण्याआधी एकदा त्या नावानं विचारून बघायचं. समोरून 'असं कोणी नाही' आलं की त्याला बरं वाटे, नव्या कोऱ्या भिंतीला हात लावल्यासारखं. आज तेही येणार नव्हतं. उत्तर द्यायला कोणी नव्हतंच. नुसतं थांबून थांबून कंटाळायचं होतं. त्यानं सवयीनं 'बैठक' असं विचारलं आणि चहाच्या कपाला हात घातला.

कप ओठाला लागायच्या आत उत्तर आलं होतं.

३

पत्ता बरोबर होता. बैठकीतल्या दिव्याला जो द्यायचं त्यानं मनात ठरवलं होतं तोच. ठरवलं होतं, लिहिला कुठंच नव्हता.

तारमास्तर घाबरला वगैरे नाही. उलट त्याला हुरूप आला. असल्या भानगडी सोडवण्याचेच तर त्याला पैसे मिळत होते. पहिली शंका, मधलीच कुणी कंपनी प्रत्येक विचारण्याला काहीबाही उत्तर देत असेल. असे दीडशहाणे असतात. त्यानं कीबोर्डवर कशीही बोटं आपटून एक अर्थहीन नाव विचारलं. तत्काळ स्वच्छ उत्तर आलं, असं कोणी नाही. मग 'स्वयंपाकघर' विचारलं. पत्ता. 'जिना' विचारलं. पत्ता. म्हणजे उत्तर देणाऱ्याला काय आहे आणि काय नाही हे नीट ठाऊक होतं.

त्यानं हत्तीला हळूच बाजूला ठेवून खोकं उघडलं. यंत्र थर्माकोलमध्ये गप्प पडलेलं, वायर गुंडाळलेली, रबर लावलेलं. मग तो उठून जिन्याखाली गेला. तिथं त्यानं एक पेटी बसवली होती, सगळ्या खोल्यांच्या तारा तिथं यायच्या आणि प्रत्येक तारेपाशी एक बारीक हिरवा दिवा होता. तारेच्या पलीकडच्या टोकाला काही जोडलेलं असलं तर दिवा लागतो, नसलं तर नाही. मागच्या खोलीच्या तारेचा दिवा लागलेला होता.

तो वर गेला. दार उघडलं. रिकामी खोली, खिळा, खिडकी, पाण्याची टाकी. भिंतीतून आलेली तार जमिनीवर मोकळी पडली होती आणि तिच्या टोकाला काही नव्हतं. त्यानं टोक उचलून पाहिलं, बोटांवर थोडी धूळ आली. खोली मात्र थंड नव्हती, कुबटही नव्हती. बराच वेळ कुणी बसून नुकतंच उठलं असावं, तशी ऊबदार होती. ऊन येतं इथं, असं तो स्वतःशी म्हणाला. खाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं की या खिडकीत ऊन दुपारनंतर येतं.

बायकोला त्यानं सांगितलं की पेटी खराब निघाली. ती म्हणाली, मग वायरमनला बोलाव. तारमास्तरला हे फार लागलं. दाताच्या डॉक्टरला दात दुखला म्हणून न्हाव्याकडे जा म्हणण्यासारखं आहे हे, असं त्यानं सुनावलं, आणि ती हसत हसत दवाखान्याचे कपडे दोरीवरून काढायला निघून गेली. त्या हसण्यात विषय राहून गेला. यंत्रही खोक्यातच राहिलं, कारण आता ते लावायचं म्हणजे त्या पत्त्यावर आधी जो कोणी होता त्याला उठवायचं, आणि हे कसं करायचं ते त्याला सुचेना.

४

पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या. तो कचेरीतून आला, दारात उभा राहून त्यानं हाका मारल्या. ठमीनं बैठकीतून ओ दिली, बायकोनं स्वयंपाकघरातून. सासूबाई खुर्चीतच होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही बाहेर कधी गेलात जावईबापू? मघाशी तर वरून ओ दिलीत. वर काहीतरी खुट्ट झालं म्हणून त्यांनी हाक मारली होती, आणि त्याची ओ आली होती, नेहमीसारखी. त्यानं म्हटलं, रेडिओ असेल. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी भांडणही केलं नाही. वयाचा दोष, असं त्याही म्हणाल्या असत्या, पण आपल्या कानांचा त्यांना फार अभिमान होता.

नंतर बायको. ती दवाखान्यातून आली तेव्हा तारमास्तर कोपऱ्यावर बल्ब आणायला गेला होता आणि तिथं दुकानदाराशी गप्पा मारत बसला होता. घरी येतो तर टेबलावर त्याचा चहा गार होऊन साय धरलेला, आणि बाई फुरंगटलेल्या. वरून ओ देतोस आणि खाली येत नाहीस, असं तिचं म्हणणं. तो म्हणाला, मी घरातच नव्हतो. त्यानं बल्ब दाखवला. तिनं बल्बाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की मग शेजारच्यांचा आवाज असेल. मग तिनं चहा पुन्हा गरम केला.

तारमास्तरनं आपल्या परीनं सगळा विचार केला. आवाज भिंतीतून येतात. जिन्यात घुमतात. माणसाला ज्याची सवय असते ते ऐकू येतं, न झालेलंही. हे सगळं खरंच आहे. त्यानं ते स्वतःला दोन-तीनदा समजावलं आणि प्रत्येक वेळी पटलं.

पण ठमीशी बोलताना ते पटेनासं झालं. ती टेबलाखाली बसून हत्तीला औषध पाजत होती. त्यानं सहज विचारावं तसं विचारलं की, काय गं, मी घरात नसताना वरून कोणी ओ देतं का?

"बाबाच देतो," ती म्हणाली. "वरचा लगेच देतो. तू कामात असलास की उशिरा देतोस."

त्याला हसायला आलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि हे वाईट वाटणं भीतीच्याही आधी आलं. कारण पोर खरं बोलत होती. लॅपटॉप उघडा असला की त्याला तिसऱ्या हाकेशिवाय ऐकू येत नसे. येतो गं, थांब गं, झालंच गं, हे त्याचे नेहमीचे बोल. सासूबाई खरोखरच वर चढून यायच्या ते बहुतेक त्याच्याचमुळे.

५

त्या दिवशी संध्याकाळी सगळे बैठकीत असताना त्यानं लॅपटॉप उघडला आणि जे इतके दिवस टाळलं होतं ते केलं. दिवे, घंटा, रेडिओ सोडून त्यानं माणसांची नावं विचारली. 'आजी' विचारलं. पत्ता आला, बैठकीचा. सासूबाई समोरच खुर्चीत होत्या. 'आई' विचारलं. तेव्हाच त्याची बायको पाणी प्यायला उठून आत गेली, आणि पत्ता आला तो स्वयंपाकघराचा. ती परत आली. पुन्हा विचारलं. बैठक.

'ठमी', बैठक. 'बाबा', बैठक.

चला, म्हणजे आपणही जागेवर आहोत, असं म्हणून त्यानं श्वास सोडला. आणि मग त्याची नजर उत्तराशेजारी उमटणाऱ्या उरलेल्या मुदतीवर गेली.

मूळ मालकाला विचारलं तर मुदत दर वेळी पूर्ण येते. आजीची पूर्ण होती, आठवड्याची. आईची आणि ठमीचीही पूर्ण. बाबाची नव्हती. बाबाची पुष्कळशी सरलेली होती. त्यानं पुन्हा विचारलं, आणखी थोडी कमी झाली. याचा अर्थ धंद्यात एकच होतो. हे उत्तर ताजं नाही. कुणीतरी कधीतरी विचारून ठेवलेलं आहे आणि आता नुसतं आठवणीवर सांगितलं जातंय. मुदत संपली की ते विसरतील आणि मग नव्यानं विचारतील, बाबा कुठं आहे? आणि त्या वेळी जे उत्तर येईल ते पुढं खरं.

त्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. बायको ठमीचा सैल झालेला दात बोटानं हलवून बघत होती आणि ठमी किंचाळायचं की हसायचं हे ठरवत होती. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हे सगळं आपलं आहे, असं त्याला अगदी आतून वाटलं, आणि पाठोपाठ वाटलं की आपलं आहे हे सांगणारा मात्र आपण नाही. ती किल्ली आपण दिली.

त्यानं लगेच कंपनीच्या पानावर जाऊन 'बाबा'ची नोंद स्वतः लिहिली, बैठकीच्या पत्त्यानं. ती उमटली, जतन झाली, आणि कुणीही वाचली नाही. वाचणार कसे? त्या विभागाबद्दल आता कंपनीला कुणी विचारतच नव्हतं. मग त्यानं ती दोन ओळींची नोंदच पुसून टाकली. पानावरून 'घर' नाहीसं झालं. त्यानं विचारून पाहिलं. उत्तरं येतच राहिली. जगानं ते आठवडाभरासाठी लक्षात ठेवलं होतं, त्यानंच सांगितलं होतं म्हणून.

बायकोनं विचारलं, काय झालं रे, चेहरा का असा? तो म्हणाला, काही नाही, एक काम उलटंसुलटं झालंय, निस्तरतो.

"तुझं काम काय, कधी संपतंय," ती म्हणाली, पण रागावून नव्हे. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. त्यानं तो हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

६

'बाबा'ची मुदत संपत आली ती एका दुपारी, चहाच्या वेळेला. सगळे घरीच होते. तारमास्तरनं ठरवलं की तार मुळापासूनच कापायची. पेटीकडून नव्हे, खोलीकडून, जिथं ती भिंतीतून बाहेर येते तिथं. जिन्याखालून पक्कड घेतली. आलोच, असं स्वयंपाकघरात डोकावून सांगितलं. बायकोनं आधण ठेवलं होतं. ती मान न वळवता म्हणाली, लवकर ये, गार करू नकोस आज तरी.

मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ऊन होतं, आता खरोखरचं. खिडकीतून टाकीच्या पाण्याची तिरीप छतावर हलत होती. एकूण खोली काही वाईट नव्हती. इथं एक खुर्ची ठेवली असती तर छान बसता आलं असतं. तो भिंतीपाशी उकिडवा बसला, तार हातात घेतली, पकडीत धरली आणि दाबली. कट्कन आवाज झाला. खाली जिन्याखालचा दिवा विझला असणार, असं त्याला वाटलं. निदान विझायला हवा होता.

तेवढ्यात खालून बायकोची हाक आली.

"मास्तर, चहा."

त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं, आणि खाली बैठकीतून ओ आली. लगेच, पहिल्याच हाकेला. आवाज त्याचा होता. त्याचा होता म्हणजे, आपला आवाज आपल्याला दुसऱ्याकडून ऐकताना जसा परका आणि जरासा बरा वाटतो, तसा.

तारमास्तर उठून दारापर्यंत आला, जिन्याच्या कठड्याशी. तिथून बैठकीचा एक कोपरा दिसायचा आणि टेबलाची कड. टेबलापाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. शर्टाची बाही दिसत होती, कपाकडे जाणारा हात दिसत होता, आणि डोक्याचा मागचा भाग. टाळूवर केस विरळ झाले होते, रुपयाएवढी जागा. बायको मागं एकदा म्हणाली होती, तुझ्या मागून चंद्र उगवायला लागलाय, आणि तो म्हणाला होता, मला कुठं दिसतंय. आता दिसत होतं. लॅपटॉप मिटलेला होता.

"अगं," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. पुन्हा म्हणाला.

खाली सगळे थांबले. ठमी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आली आणि तिनं वर पाहिलं, थेट त्याच्याकडे, बंद दाराकडे बघतात तसं. मग बायकोचा आवाज आला.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही," तो आवाज शांतपणे म्हणाला. "ये ठमे, तुझं दूध निवलंय."

ठमीनं आणखी जराशी वाट पाहिली. मग खात्री झाल्यासारखी मान हलवून ती उड्या मारत टेबलाकडे गेली.

७

'कोणी नाही' यालाही मुदत असते, हे तारमास्तरला ठाऊक होतं. त्यानंच लिहिली होती ती. आठवडा म्हणजे काय, बघता बघता जाईल. मुदत संपली की पुन्हा विचारायचं असतं, आणि तेव्हा आपण ओ द्यायची, लगेच, पहिल्या हाकेला. विचारल्याशिवाय दिलेलं उत्तर कुणी ऐकत नाही, म्हणून खाली न उतरता तो मागच्या खोलीत परत येऊन भिंतीला टेकून बसला. पाय लांब केले. ऊन त्याच्या पायांवर आलं, आणि त्याला ते बरंही वाटलं.

खाली गप्पा चालल्या होत्या. पाठमोऱ्यानं नावं ठेवण्याचा तो विनोद सांगितला, आणि तो सासूबाईंचाच आहे हेही सांगितलं. सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांना ठसका लागला. बायको हसत होती. असं मोकळं हसताना तिला त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ठमीचा दात तिथंच टेबलाशी पडला, आणि तो कुणाला दाखवायचा म्हणून ती ओरडली तेव्हा तिला वाट बघावी लागली नाही.

पुन्हा विचारायला आधी कुणीतरी कमी पडावं लागतं. ही गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. धंद्यात याचा विचार कधी करावा लागत नाही, तिथं यंत्रं आपणहून विचारत राहतात.

मग दिवे लागायच्या वेळेला सासूबाईंनी खुर्चीतून नेहमीच्या हाका सुरू केल्या, तेव्हा तो सावरून ताठ बसला. दोन हाकांत ओ आली नाही तर त्या स्वतः वर चढून येणार होत्या. गुडघे कितीही दुखले तरी येत, त्याला ठाऊक होतं. त्यांनी ठमीला हाक मारली. ओ आली. लेकीला मारली. ओ आली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि ओ दिली. खालचा त्याच्या आधी बोलला होता.

"झालं," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "आहेत सगळे."